व्हायब्रेशनचे रीडिंग भरवशाचे कसे घ्यावे

एकाच पंपाचे एकाच दिवशी दोन शिफ्टमध्ये घेतलेले रीडिंग २.१ आणि ३.४ मिमी/सेकंद आले, तर पंप खोलण्याआधी रीडिंग घेण्याची पद्धत तपासावी. बहुतेक वेळा घोळ तिथेच सापडतो. एकाने सेन्सर बेअरिंग हाऊसिंगवर ठेवलेला असतो, दुसऱ्याने चार बोटे सरकून फॅन कव्हरवर. एकाने मॅग्नेट लावलेला असतो, दुसऱ्याने टोकदार प्रोब हाताने दाबून धरलेला. सकाळी डिस्चार्ज व्हॉल्व्ह पूर्ण उघडा होता, रात्री अर्धा. आजचा आकडा मागच्या महिन्याच्या आकड्याशेजारी ठेवता आला, तरच तो कामाचा. पुढची सगळी खटपट तेवढ्यासाठी आहे.

उदाहरणे गोव्यातली घेतली आहेत: वेर्णा, कुंडई, मडकईच्या औद्योगिक वसाहतींतले पंप, ब्लोअर आणि कॉम्प्रेसर, औषध कारखान्यांतले एएचयू (हवा खेळवणारी एअर हँडलिंग युनिटे), नदीकाठची पंपघरे, मांडवी-जुवारीतल्या बार्जेसच्या इंजिनरूम. या सगळ्यांना दोन गोष्टी नडतात. एक, खारी दमट हवा. दुसरी, मॅग्नेट न धरणारे स्टेनलेस स्टील.

आधी मशीनची कुंडली

प्रत्येक मशीनसाठी एक पान करा. त्यावर मोटरचे किलोवॉट, नेमप्लेटवरचे आरपीएम, ड्राइव्ह एंड (भार जोडलेले टोक) आणि नॉन-ड्राइव्ह एंडच्या (विरुद्ध टोकाच्या) बेअरिंगचे नंबर, इम्पेलरच्या पात्यांची संख्या, बेल्ट असेल तर दोन्ही पुलींचे व्यास, गिअर असेल तर दात, आणि फाउंडेशन काँक्रीटचे की स्प्रिंग किंवा रबर पॅडवरचे, एवढे हवे. बेअरिंगचे नंबर नेमप्लेटवर नसतील तर स्टोअरमधल्या जुन्या इंडेंटवर मिळतात. तिथेही नसतील तर पुढच्या ओव्हरहॉलला फिटरकडून बेअरिंगवरचाच नंबर वाचून घ्यावा.

मग थोडा हिशोब करा. ३७ किलोवॉटची टू-पोल मोटर २९५० आरपीएमने फिरते, म्हणजे सेकंदाला ४९.१७ फेरे. हा झाला १एक्स, म्हणजे मशीनची फिरण्याची फ्रिक्वेन्सी; तिची दुप्पट २एक्स. इम्पेलरला सहा पाती असतील तर पात्यांची फ्रिक्वेन्सी २९५ हर्ट्झ. बेअरिंगमध्ये आठ गोळ्या असतील, तर बाहेरच्या रेसचा दोष साधारण ०.४ × ८ × ४९.१७ म्हणजे १५७ हर्ट्झच्या आसपास दिसेल आणि आतल्या रेसचा ०.६ × ८ × ४९.१७ म्हणजे २३६ हर्ट्झच्या आसपास. हा ढोबळ अंदाज झाला. नेमके गुणक बेअरिंग कंपनीच्या तक्त्यात असतात. पण कुठे बघायचे ते आधी ठाऊक असेल तर सेटिंग चुकत नाही. चुकलेले सेटिंग मशीनपाशी कळत नाही, ऑफिसात कळते, आणि तोवर मशीन बंद झालेले असते.

सेन्सर आणि केबल

रोजच्या कामाला १०० मिलिव्होल्ट/जी चा पायझो सेन्सर पुरतो (जी म्हणजे गुरुत्वाकर्षणाएवढा प्रवेग). कूलिंग टॉवरच्या पंख्यासारख्या संथ मशीनला मात्र तो तोकडा पडतो. का, ते आकड्यांत पाहा. १ मिमी/सेकंद एवढे कंपन ४९ हर्ट्झला असेल तर प्रवेग सुमारे ०.०३ जी होतो आणि सेन्सर ३ मिलिव्होल्ट देतो. तेवढेच कंपन २०० आरपीएमच्या पंख्यावर, म्हणजे ३.३ हर्ट्झला असेल, तर जेमतेम ०.००२ जी, म्हणजे ०.२ मिलिव्होल्ट. हा सिग्नल केबलच्या गोंगाटात बुडतो. तिथे ५०० मिलिव्होल्ट/जी चा सेन्सर घ्यावा.

फेरीला निघण्याआधी बायस व्होल्टेज, म्हणजे सेन्सरवरचा स्थिर डीसी व्होल्टेज, पाहावा. बहुतेक कलेक्टर (रीडिंग साठवणारी हातातली उपकरणे) तो स्क्रीनवर दाखवतात. चांगल्या सेन्सरचा बायस साधारण १० ते १२ व्होल्ट असतो; नेमकी मर्यादा सेन्सरच्या कागदावर छापलेली असते. शून्याजवळ आला तर केबल शॉर्ट आहे किंवा कनेक्टरमध्ये पाणी गेले आहे. सप्लायएवढा, म्हणजे २४ च्या आसपास आला तर केबल तुटली आहे. मधेच वरखाली होत असेल तर कनेक्टरची पिन सैल आहे. जून ते सप्टेंबर या काळात पहिला संशय कनेक्टरवर घ्यावा. रात्री उघड्या बॅगेत राहिलेल्या सेन्सरच्या पिनांवर सकाळी दव असते. पिना सुक्या कापडाने पुसाव्यात, कनेक्टरच्या तोंडाशी सिलिकॉन ग्रीसचा हलका हात द्यावा, आणि बॅगेत सिलिका जेलची पुडी ठेवावी.

हातात मावणारा कॅलिब्रेटर मिळतो तो घ्यावा. त्याची बांधणी मोठी सोयीची आहे: १५९.२ हर्ट्झला १० मीटर/सेकंद² आरएमएस (लहरीची वर्गमध्यमूळ सरासरी). या फ्रिक्वेन्सीला तेच कंपन १० मिमी/सेकंद होते आणि विस्थापनात १० मायक्रॉन. म्हणजे एकाच झटक्यात तिन्ही युनिटांची तपासणी होते. आठवड्यातून एकदा सेन्सर त्यावर लावावा. १० च्या जागी ९.२ आले तर सेन्सर बाजूला काढावा. वर्षातून एकदा एनएबीएल (प्रयोगशाळांना मान्यता देणारे राष्ट्रीय मंडळ) मान्यता असलेल्या प्रयोगशाळेतून कॅलिब्रेशन करून घ्यावे, तरी आठवड्याची तपासणी सोडू नये. सेन्सर लादीवर पडतो तो मधल्या दिवसांत.

जागा कुठली

नियम एकच: बेअरिंगपासून सेन्सरपर्यंतची वाट अखंड लोखंडाची आणि कमीत कमी लांबीची असावी. फॅन कव्हर, कपलिंग गार्ड, पत्र्याचे टर्मिनल बॉक्स, कूलिंग फिनची टोके यांवर घेतलेले रीडिंग त्या पत्र्याचे असते, बेअरिंगचे नव्हे.

मोटरच्या नॉन-ड्राइव्ह एंडची हीच अडचण आहे, कारण तिथे बेअरिंग फॅन कव्हरच्या आत लपलेले असते. शटडाउनमध्ये कव्हरच्या कडेला भोक पाडून एंड शील्डवर स्टड (सेन्सर आवळायचा आट्यांचा खुंट) लावता येतो. ते शक्य नसेल तर कव्हरच्या अगदी मागे, एंड शील्डची जी कड बाहेर दिसते तिच्यावर पॅड (सेन्सर बसवायची सपाट धातूची चकती) लावावा. फिनच्या मधल्या खाचेत बसणारे अरुंद पॅडही मिळतात.

जोडलेल्या मोटर-पंपाला चार बेअरिंगे. मोटरच्या मागून सुरू करून पंपाच्या टोकापर्यंत १, २, ३, ४ असे नंबर द्यावेत. प्रत्येकाला आडवे आणि उभे, शिवाय मोटरला एक आणि पंपाला एक अक्षीय. एकूण दहा रीडिंगे. कोण घेतो याने क्रम बदलता कामा नये. आडव्या दिशेचे रीडिंग बहुधा उभ्यापेक्षा जास्त येते, कारण पायाची ताठरता आडव्या दिशेत कमी असते. उलटे दिसले, म्हणजे उभे आडव्याच्या दीडपट, तर फाउंडेशन बोल्ट आणि ग्राउट बघायला जावे.

पॅड चिकटवणे: इथे घाई नको

सेन्सर कसा बसवला यावर त्याला किती वरची फ्रिक्वेन्सी दिसते हे ठरते. हाताने धरलेल्या प्रोबवर साधारण ५०० हर्ट्झच्या पुढे विश्वास ठेवू नये. गोल अंगावर दोन पायांचा मॅग्नेट २००० पर्यंत चालतो. घासून सपाट केलेल्या पॅडवर सपाट मॅग्नेट सुमारे ५००० पर्यंत. स्टडवर घट्ट बसवलेला सेन्सर १०,००० च्या पुढे. बेअरिंगचा दोष अगदी कोवळा असतो तेव्हा तो वरच्याच पट्ट्यात बोलतो. प्रोब हाताने धरणाऱ्याला तो दोष खाली उतरल्यावर, म्हणजे उशिरा कळतो.

औषध कारखान्यात ३०४ किंवा ३१६ स्टेनलेसवर मॅग्नेट धरतच नाही. ॲल्युमिनियम बॉडीच्या मोटरवरही नाही. तिथे ४००-मालिकेतल्या, चुंबकाला धरणाऱ्या स्टेनलेसचे पॅड चिकटवावे लागतात. ३० ते ३५ मिलिमीटर व्यासाचे पॅड मॅग्नेटला पुरतात. साधे लोखंडी पॅड स्वस्त पडतात, पण वास्को किंवा बेतूलच्या बाजूला एका पावसाळ्यात त्यांवर गंज चढतो आणि मॅग्नेट डगमगायला लागतो.

चिकटवण्याची रीत अशी:

१. जागा निश्चित करा, खडूने खूण करा. रंग, प्रायमर, गंज सगळे काढून धातू उघडा करा. रंगावर चिकटवलेला पॅड म्हणजे रबरावर बसवलेला पॅड.

२. पृष्ठभाग गोल असेल तर फाइलने किंवा स्पॉट-फेस कटरने सपाट करा. पॅड ठेवून बोटाने दाबून पाहा, डुलला तर अजून घासा. ग्राइंडर लावायचा तर हॉट वर्क परमिट घ्या, आणि सॉल्व्हंटच्या भागात ग्राइंडरचा विषयच काढू नका, मशीन वर्कशॉपमध्ये येईल तेव्हा हे काम करा.

३. एसिटोन किंवा आयपीए (आयसोप्रोपिल अल्कोहोल) लावलेल्या कापडाने पुसा. एकदा पुसलेले कापड पुन्हा वापरू नका. पुसल्यावर त्या जागेला हात लावू नका.

४. ऑगस्टमध्ये पंपघरातल्या बंद पंपाची बॉडी हवेपेक्षा थंड असते आणि तिच्यावर डोळ्यांना न दिसणारा ओलावा असतो. हॉट एअर गनने ती हाताला कोमट लागेपर्यंत तापवा (पुन्हा, सॉल्व्हंटच्या भागात नाही). ही पायरी टाळली की पॅड महिन्याभरात निघून येतो आणि दोष गोंदाला दिला जातो.

५. दोन भागांचा, स्टीलची पूड असलेला इपॉक्सी घ्या. त्याच्या कागदावर किमान १२० अंश सेल्सियस सोसण्याची हमी असावी, कारण मोटरची बॉडी सहज ७०-८० अंशांना जाते. पाच मिनिटांत सुकणारा गोंद इथे नको. सिलिकॉन तर मुळीच नको. तो मऊ राहतो आणि वरच्या फ्रिक्वेन्सी गिळतो.

६. पातळ थर लावा, दाबा, थोडे फिरवा, कडेने बाहेर आलेला गोंद पुसा. टेपने बांधून डब्यावर लिहिलेला पूर्ण वेळ जाऊ द्या, बहुधा २४ तास.

७. सुकल्यावर पॅडच्या भोवती उघडा राहिलेला धातू प्रायमर आणि इनॅमलने बंद करा. पॅडच्या वरच्या तोंडाला रंग लावू नका. इथल्या हवेत गंज कडेने आत शिरतो आणि पॅड खालून उचलतो. वर प्लास्टिकची टोपी घाला.

८. पॅडवर किंवा शेजारी पॉइंटचा नंबर पंच करा. मार्करने लिहिलेला नंबर पहिल्या पावसात जातो.

रंगकामाच्या कंत्राटदाराला मात्र आधी सांगून ठेवा. शटडाउननंतर सगळे पॅड हिरव्या रंगाखाली गेलेले सापडणे ही फार सामान्य गोष्ट आहे.

सेटिंग

वेग, म्हणजे मिमी/सेकंद आरएमएस, १० ते १००० हर्ट्झ: हे सर्वसाधारण मोजमाप. ६०० आरपीएमखालच्या मशीनला खालची मर्यादा २ हर्ट्झवर आणावी. ही चूक वारंवार होते. २०० आरपीएमचा कूलिंग टॉवर पंखा ३.३ हर्ट्झवर फिरतो आणि १० हर्ट्झचा फिल्टर त्याचे असंतुलन अख्खे कापून टाकतो. रिपोर्टमध्ये ०.८ येते, वर पंखा डोलत असतो.

स्पेक्ट्रम म्हणजे कुठल्या फ्रिक्वेन्सीला किती कंपन याचा आलेख, आणि लाइन्स म्हणजे त्याचे बारीक तुकडे. त्या किती ठेवायच्या हे पुन्हा आपल्या मोटरवरून पाहू. २एक्स येतो ९८.३३ हर्ट्झला, आणि विजेच्या फ्रिक्वेन्सीची दुप्पट १०० हर्ट्झला. फरक १.६७ हर्ट्झ. पहिला बहुधा अलाइनमेंटचा किंवा सैलपणाचा, दुसरा मोटरच्या विद्युत दोषाचा. १००० हर्ट्झला ४०० लाइन्स ठेवल्या तर एक लाइन २.५ हर्ट्झची होते, दोन्ही शिखरे एकात मिसळतात आणि अलाइनमेंट करून करून फिटर थकतो. ३२०० लाइन्स ठेवल्या तर एक लाइन ०.३१ हर्ट्झची. हॅनिंग विंडोचा (नमुन्याच्या कडा मऊ करणाऱ्या गणिती गाळणीचा) पसरटपणा धरूनही शिखरे वेगळी दिसतात. एका नमुन्याला ३.२ सेकंद लागतात; चार ॲव्हरेज ५० टक्के ओव्हरलॅपने घेतले तर ८ सेकंद. त्या ८ सेकंदांसाठी कंजुषी करू नये.

बेअरिंगसाठी दुसरे मोजमाप वेगळे: प्रवेगात, ५००० किंवा १०,००० हर्ट्झपर्यंत, किंवा एन्व्हलप (बेअरिंगमधले वारंवार बसणारे धक्के वेगळे काढणारे मोजमाप). ते फक्त घासलेल्या पॅडवर किंवा स्टडवर घ्यावे. हातातल्या प्रोबने घेतलेला एन्व्हलपचा आकडा रिपोर्टमध्ये लिहिण्यापेक्षा ती चौकट रिकामी सोडलेली बरी.

आरएमएस, पीक आणि पीक-टू-पीक यांची सरमिसळ टाळावी. शुद्ध साइन लहरीलाच पीक म्हणजे आरएमएसच्या १.४१४ पट असते. जुन्या मीटरवर पीक आणि नव्यावर आरएमएस असेल, तर मीटर बदलल्या दिवशी ट्रेंड आपोआप ‘सुधारतो’.

प्रत्यक्ष रीडिंग

मशीन गरम आणि स्थिर झाल्यावरच घ्या. सुरू केल्यावर निदान अर्धा तास. आकड्याच्या शेजारी डिस्चार्ज प्रेशर, अँपिअर, व्हॉल्व्ह किती उघडा आणि आरपीएम लिहा. व्हीएफडीवरचा (मोटरचा वेग बदलणाऱ्या ड्राइव्हवरचा) एएचयू आज ३८ हर्ट्झवर आणि पुढच्या महिन्यात ४६ वर असेल, तर त्या दोन आकड्यांची तुलना होऊ शकत नाही. ऑपरेटरला सांगून दर वेळी एकाच वेगावर आणा. लाइट गेली आणि प्लँट जनरेटरवर असेल तर रीडिंग थांबवा. जनरेटरची फ्रिक्वेन्सी थोडी सरकलेली असते, तिच्याबरोबर मोटरचा वेगही सरकतो.

नदीतून पाणी उचलणाऱ्या पंपाला मे महिन्यात सक्शनची पातळी खाली असते, जुलैत वर. पातळी खाली गेली की कॅव्हिटेशन (पाण्यात बुडबुडे होऊन फुटणे) वाढते, आणि ते स्पेक्ट्रममध्ये वरच्या बाजूला पसरलेल्या गोंगाटासारखे दिसते. पातळी लिहिलेली नसेल तर तोच गोंगाट बेअरिंगच्या माथी मारला जातो. बार्जवर भरती-ओहोटीपेक्षा माल भरला आहे की रिकामी आहे, हे महत्त्वाचे. भरलेल्या बार्जचे इंजिन वेगळा भार ओढते.

मॅग्नेट कधी टकदिशी आदळू नका. त्या धक्क्याने सेन्सर भरून जातो आणि सावरायला वेळ घेतो. एक कड टेकवून हळू कलंडवत बसवा. मग केबल मोकळी पण न लोंबकळती ठेवा, हलणारी केबल खालच्या फ्रिक्वेन्सीला खोटी शिखरे देते. पाच ते दहा सेकंद थांबा, मगच बटण दाबा. केबल गळ्यात अडकवून फिरू नये. फिरत्या शाफ्टने ती ओढली तर सुटायला वाव राहत नाही. म्हणून कलेक्टरच्या टोकाला ताण पडताच निसटणारा जोड वापरतात.

सॉल्व्हंट रिकव्हरीसारख्या भागात उपकरण इंट्रिन्सिकली सेफ (ठिणगीने पेट न घेऊ देणारे) आणि पेसोच्या (स्फोटक सुरक्षेच्या सरकारी संस्थेच्या) मान्यतेचे हवे. ‘दोन मिनिटांत होईल’ म्हणून साधा कलेक्टर आत नेऊ नये, खिशातला मोबाइलही बाहेर ठेवावा.

शेजारचा पंप चालू असताना बंद स्टँडबायवरही एकदा सेन्सर लावून पाहा. चालू पंपाच्या रीडिंगच्या चौथाईपेक्षा जास्त तिथे दिसले, तर बेस फ्रेममधून किंवा पाइपलाइनमधून कंपन वाहून येते आहे आणि त्या जोडीचे सगळेच आकडे संशयाने वाचायला हवेत. शिवाय असे बसल्या बसल्या थरथरणारे बेअरिंग चालण्याआधीच खराब होते, गोळ्या एकाच जागी रेस खातात. अशा जोडीत पंप आलटून पालटून चालवावेत.

मशीनपाशीच तपासा

स्पेक्ट्रमच्या डाव्या टोकाला उंच सुरू होऊन उतरत जाणारा डोंगर दिसला तर तो मशीनचा नव्हे. सेन्सर सावरलेला नाही, मॅग्नेट डुलतो आहे किंवा सेन्सर मशीनपेक्षा फार गार आहे. एसी ऑफिसातून आणून थेट गरम मोटरवर ठेवलेला सेन्सर हमखास असे करतो. दोन मिनिटे थांबून पुन्हा घ्या. टाइम वेव्हफॉर्मचे (वेळेनुसार काढलेल्या लहरीचे) माथे करवतीने कापल्यासारखे सपाट असतील तर रेंज ओलांडली आहे. स्पेक्ट्रममध्ये १एक्स शोधा; तो टॅकोने मोजलेल्या आरपीएमशी जुळला नाही तर पॉइंट, मशीन किंवा रूट (कलेक्टरमधली फेरीची यादी), काहीतरी चुकले आहे. शेजारच्या मशीनचे रीडिंग या मशीनच्या नावाने साठवले जाणे हे सर्रास घडते.

मागच्यापेक्षा मोठा फरक दिसला तर सेन्सर काढून, पॅड पुसून, पुन्हा लावून दुसरे रीडिंग घ्या. दोन्ही १० टक्क्यांच्या आत असतील तर आकडा खरा माना. २० टक्क्यांच्या पुढे गेले तर कारण सापडेपर्यंत कुठलेच नोंदवू नका.

आकड्याला किती घाबरायचे

आयएसओ १०८१६-३ हे मानक बरीच वर्षे वापरात होते, २०२२ मध्ये त्याची जागा २०८१६-३ ने घेतली. १५ ते ३०० किलोवॉटच्या मशीनला, ताठ फाउंडेशनवर, १.४ मिमी/सेकंदपर्यंत नव्यासारखे, २.८ पर्यंत कायम चालवायला हरकत नाही, ४.५ पर्यंत दुरुस्तीची तारीख ठरवावी, त्यापुढे धोका. लवचीक फाउंडेशनवर हेच आकडे २.३, ४.५ आणि ७.१. स्प्रिंगवरच्या ब्लोअरला ताठ फाउंडेशनचे आकडे लावून उगाच शटडाउन मागू नये. पंपांसाठी वेगळा भाग आहे, १०८१६-७, तो पाहावा.

मानकापेक्षा स्वतःच्या मशीनची बेसलाइन जास्त बोलते. ओव्हरहॉल आणि अलाइनमेंट झाल्यावर तीन-चार रीडिंगे घेऊन बेसलाइन ठरवा. पहिल्या इशाऱ्यासाठी सोपी रीत: बेसलाइनमध्ये ‘कायम चालवायला हरकत नाही’ या वरच्या मर्यादेचा चौथा हिस्सा मिळवा. बेसलाइन १.२ आणि मर्यादा २.८ असेल, तर १.२ + ०.७ म्हणजे १.९ ला इशारा. १.९ हा आकडा मानकात निर्धोक आहे, पण या मशीनसाठी तो बदल आहे.

सर्वसाधारण मशीनला महिन्यातून एकदा, इशारा ओलांडलेल्याला आठवड्यातून एकदा. याशिवाय वर्षात दोन फेऱ्या ठरलेल्या असाव्यात. एक मे अखेरीस, पावसाळी आर्द्रता सुरू होण्याआधी. दुसरी चवथीची (गणेश चतुर्थीची) सुट्टी संपल्यावर: आठवडाभर बंद राहिलेल्या मशीनच्या बेअरिंगमध्ये ओल शिरलेली असते, ग्रीस एका बाजूला बसलेले असते. सुरू केल्यावर लगेच घेतलेले रीडिंग वर दिसते आणि तासाभरात बरेचसे खाली येते. म्हणून त्या दिवशी दोन रीडिंगे घ्यावीत, एक अर्ध्या तासाने आणि एक दुसऱ्या शिफ्टला, आणि ट्रेंडमध्ये दुसरेच टाकावे.